आप्पांचा कागद: 'मला नळ्या लावू नका' याला काही किंमत आहे का?

सुनंदा_माळकरी

मंडळी, मी इथं बहुतेक वाचनमात्र. आज मात्र लिहायची वेळ आली, आणि जरा लांबेल. सांभाळून घ्या.

आमचे आप्पा, वय ८३. सांगली जिल्ह्यात एस.टी.त ३१ वर्षं कंडक्टर होते. गळ्यात माळ, एकादशी चुकत नाही. गुडघे सोडले तर तब्येत ठणठणीत आणि डोकं माझ्यापेक्षा बरं चालतं. गेल्या महिन्यात त्यांनी वहीचं एक पान फाडून माझ्या हातात ठेवलं. डेपोत हिशोब भरायचे त्याच ठसठशीत अक्षरात:

१. छाती दाबू नये.
२. घशात नळी घालू नये.
३. नाकातून नळी घालून अन्न देऊ नये.
४. घरी आणावे.
५. तुळस व पाणी.

खाली सही, तारीख, आणि कंसात 'पूर्ण शुद्धीत'.

हे कुठून आलं ते मला ठाऊक आहे. तीन वर्षांपूर्वी आई गेली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. एकोणीस दिवस आयसीयूत. तिसऱ्याच दिवशी डॉक्टर म्हणाले होते की शुद्धीवर येणं कठीण. मग उरलेले सोळा दिवस आपण नेमकं काय करत होतो, हे मला कुणी सांगितलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही विचारलं नाही. तिचा हात मध्येच नळीकडे जायचा म्हणून दोन्ही मनगटं पट्टीनं कॉटला बांधलेली. गेली तेव्हा आप्पांनी सदऱ्याच्या खिशातून तुळशीचं पान काढलं. ते रोज आणायचे, रोज सुकायचं, दुसऱ्या दिवशी नवीन. पण तोंडात नळी आणि तिच्यावर टेप. पान ओठाच्या कोपऱ्यात सरकवायला गेले तर ते टेपलाच चिकटलं. ते कुणी काढलं नाही. मी पाहिलं ते इतकंच, त्यापुढचं आठवत नाही.

आता अडचण दादाची. आप्पांचा कागद बघून तो भडकला. म्हणाला, "असलं अभद्र घरात ठेवायचं नाही. ज्यानं जन्म दिला तोच नेईल. माळकऱ्यानं आत्महत्या लिहून द्यायची?" आप्पा शांतपणे म्हणाले, "माऊलींनी आळंदीत काय केलं?" त्यावर दादा, "तुम्ही माऊली आहात का?" हा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता, त्यामुळे आप्पाही गप्प बसले.

आणि खरी भीती वेगळीच. रात्री जिन्यात मला एकटीला म्हणाला, "उद्या खरंच वेळ आली आणि आपण नको म्हटलं, तर भावकी म्हणेल जमिनीसाठी बापाला मारलं."

तर मला विचारायचंय: या कागदाला कायद्यात काही किंमत आहे का? नळी न लावणं म्हणजे जीव घेणं का? आणि धर्माचं म्हणाल तर, नुसतं 'पाप आहे' किंवा 'पाप नाही' असं नको. कुणी नीट वाचलं असेल, घरात पाहिलं असेल, तर सांगा.

काळाकोट

ताई, सातारला वकिली करतो, म्हणून आधी कायद्याचं.

वहीचं पान म्हणून किंमत कमी, पण पान पक्कं करून घेता येतं.

राज्यघटनेच्या कलम २१ मध्ये जगण्याचा हक्क आहे. त्यात मरण्याचाही हक्क येतो का, हा वाद पहिल्यांदा नीट लढवला गेला तो आपल्याच मुंबईत. मुंबई पोलिसातला एक शिपाई, अपघातानंतर मनोरुग्ण झालेला. बायकोला भाजीच्या गाडीचा परवाना मिळेना म्हणून त्यानं महापालिका आयुक्तांच्या कचेरीबाहेर अंगावर रॉकेल घेतलं. वाचला, आणि वर आत्महत्येच्या प्रयत्नाचा गुन्हा लागला. १९८६ मध्ये न्या. पी. बी. सावंत यांच्या खंडपीठानं ते कलम ३०९ च घटनाबाह्य ठरवलं. युक्तिवाद असा की बोलण्याच्या स्वातंत्र्यात गप्प बसण्याचं स्वातंत्र्य येतं, तसं जगण्याच्या हक्कात न जगण्याचं येतं. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनीही निकाल त्याच बाजूनं दिला.

दोनच वर्षांनी, १९९६ मध्ये, ग्यान कौर खटल्यात पाच न्यायमूर्तींनी ते उलटवलं. तो खटला कसला होता हे लोक विसरतात. सुनेला आत्महत्येला प्रवृत्त केल्याबद्दल सासू-सासऱ्यांना शिक्षा झालेली, आणि त्यांचं म्हणणं, मरणं हा जर हक्क असेल तर त्याला मदत करणं गुन्हा कसा? त्या घरात 'मरणाचा हक्क' कुणाच्या कामाचा होता बघा. मला तो निकाल म्हणूनच पटतो. पण त्याच निकालात म्हटलंय की मरण जवळ येऊन ठेपलं असेल, तर सन्मानानं मरणं हा सन्मानानं जगण्याचाच भाग आहे. पुढचं सगळं या एका फटीतून आत आलं. २०११ मध्ये अरुणा शानबाग प्रकरण (हल्ल्यानंतर कायमची बेशुद्धीत गेलेली केईएमची नर्स), मग ९ मार्च २०१८ ला कॉमन कॉज निकाल, ज्यात लिव्हिंग विल, म्हणजे शेवटी कोणते उपचार नकोत हे शुद्धीत असताना लिहून ठेवलेला कागद, मान्य झालं.

२०१८ ची पद्धत इतकी किचकट होती की कुणी वाटेला जाईना, सहीला मॅजिस्ट्रेट लागायचा. २४ जानेवारी २०२३ ला ती सोपी केली. आता दोन साक्षीदार, शक्यतो त्रयस्थ, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. वेळ आली तर निर्णय घेणाऱ्या नातेवाइकाचं नाव त्यातच लिहायचं, एकापेक्षा जास्त चालतात. एक प्रत घरच्या डॉक्टरकडे, एक पालिका किंवा पंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे.

आणि भावकीवर उतारा इथं आहे: मुलं 'काढा नळी' म्हणाली म्हणून कुणी काढत नाही. आधी उपचार करणारा डॉक्टर आणि किमान ५ वर्षं अनुभव असलेले दोन तज्ज्ञ यांचं मंडळ. मग दुसरं मंडळ, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यानं नेमलेला डॉक्टर. दोघांनी शक्यतो ४८-४८ तासांत मत द्यायचं. मग हॉस्पिटल मॅजिस्ट्रेटला कळवतं, परवानगी मागत बसत नाही. इंजेक्शन देऊन मारणं मात्र आजही गुन्हाच.

दादांना सांगा, आत्महत्या आणि हे, दोन्हींचे रस्ते कायद्यानं कधीच वेगळे केलेत.

आकडेमोड

वकीलसाहेब, छान. आता जमिनीवर या. तालुक्याच्या गावात दोन मंडळं कुठून आणणार? न्यूरॉलॉजिस्ट आठवड्यातून एकदा येतो. इथं नळी निघते ती पैसे संपले की. 'डामा'वर सही करा, स्वतःच्या जबाबदारीवर नेतोय म्हणा, ॲम्ब्युलन्समध्ये घाला. माझ्या चुलत्याला असंच आणलं. त्यांचा सन्मान वगैरे कुणी विचारला नाही, विचारलं ते बिल कोण भरतंय. घटनापीठाचा निकाल हा ज्यांना निवड परवडते त्यांच्यासाठी.

सुनंदा_माळकरी

आकडेमोड, राग समजला. आईच्या वेळी सोळाव्या दिवशी डामाचा कागद आमच्याही पुढं आला होता. दादानं फाडला. मग एफडी मोडली. त्याबद्दल त्याला कधी बोलले नाही, आज इथं लिहिते.

पाठभेद

माऊलींचा विषय निघालाय म्हणून. धर्मशास्त्र हा काही एक माणूस नव्हे की त्यानं हो किंवा नाही म्हणावं.

आत्महत्येच्या विरोधात ईशावास्य उपनिषदातला तिसरा मंत्र फेकतात, 'ये के चात्महनो जनाः', ते अंधाऱ्या लोकांत जातात. शंकराचार्यांचं भाष्य उघडा. तिथं 'आत्महन' म्हणजे जीव देणारा नाहीच, आत्म्याला न ओळखणारा अज्ञानी. म्हणजे तुम्हीआम्ही, फास न लावताही.

याउलट अत्रिस्मृतीत एक श्लोक आहे, तो ताईंनी वहीत उतरवून घ्यावा. 'वृद्धः शौचस्मृतेर्लुप्तः प्रत्याख्यातभिषक्क्रियः'. अतिवृद्ध, शौचाचं भान गेलेला, आणि ज्याच्यावरचे उपचार वैद्यांनीच सोडलेत असा. त्यानं कड्यावरून, अग्नीत, उपवासानं किंवा पाण्यात देह सोडला तर घरच्यांना तीन दिवसांचं सुतक. एरवी आत्मघात करणाऱ्याचं सुतक पाळायचं नाही, क्रियाकर्म करायचं नाही असा दंडक. त्याला सुतक देणं म्हणजे त्याचं मरण साधं मरण मानणं. कायद्याच्या भाषेत सांगायचं तर गुन्ह्यातून वगळणं.

पण थांबा, लगेच दादांपुढं नाचवू नका. पुढच्या निबंधकारांनी, म्हणजे धर्मशास्त्राचे संग्रह करणाऱ्यांनी, कलियुगात वर्ज्य गोष्टींची जी यादी केली, तीत वृद्धांचं कड्यावरून आणि अग्नीत देह टाकणं घातलं, महाप्रस्थान, म्हणजे देह पडेपर्यंत चालत जाणं, तेही घातलं. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात या कलिवर्ज्यांना वेगळं प्रकरण दिलंय. म्हणजे मुभा होती, मग काढून घेतली. का काढली असेल? माझा आपला अंदाज, म्हातारे स्वतः कड्यावर जात होते की त्यांना नेलं जात होतं, याची खात्री राहिली नसावी.

उपवासाची वाट मात्र लोकांच्या मनातून कधी गेली नाही. विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला अन्न, पाणी, औषध नाकारलं, १५ तारखेला गेले. इंदिरा गांधी भेटून आल्या. आत्महत्येच्या प्रयत्नाचा गुन्हा नोंदवायला कुणी शिपाई गेला नाही, आणि तेव्हा ३०९ चांगलं जिवंत होतं.

शिरोळचा_शेतकरी

आम्ही जैन, दिगंबर. माझ्या आजीनं सल्लेखना घेतली तेव्हा मी अकरावीत. इथं लोक दोन टोकांनी बोलतात, एक 'थोर परंपरा' आणि एक 'उपाशी मारलं'. मी जे बघितलं ते सांगतो.

आजीला अन्ननळीचा कॅन्सर. पुढं काही करण्यासारखं नाही म्हणून डॉक्टरांनी परत पाठवलेली. तिनं महाराजांकडं नियम मागितला. त्यांनी लगेच दिला नाही, दोनदा परत पाठवलं. घरातल्या प्रत्येकाला समोर बसवून विचारलं. नियम मिळाला तरी एकदम काही सुटलं नाही. आधी भाकरी गेली, मग दूध, मग ताक, शेवटी कोमट पाणी. शास्त्रात चारच कारणं सांगितलीत: न टळणारं संकट, दुष्काळ, म्हातारपण, आणि इलाज नसलेला आजार.

एक दिवस ती कळवळून म्हणाली, "लवकर सोडव रे." तर शेजारी बसलेल्या माताजींनी तिला टोकलं. तेव्हा मला तो दुष्टपणा वाटला. नंतर तत्त्वार्थसूत्र वाचताना कळलं. सल्लेखनेचे पाच दोष सांगितलेत, त्यात पहिला जगण्याची आस, आणि दुसरा मरणाची आस. मरण मागणं हाच दोष! त्यामुळं आम्हाला 'मरणाचा हक्क' हा शब्दच परका वाटतो. राजस्थान उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०१५ मध्ये संथारा (सल्लेखनेचंच दुसरं नाव) ही आत्महत्या ठरवली, तेव्हा आमच्याकडं मोर्चे निघाले. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला सर्वोच्च न्यायालयानं स्थगिती दिली. वकील लोक कलम २५ सांगतात, धर्मस्वातंत्र्य. मला विचाराल तर नुसत्या २५ वर भागत नाही, कारण सतीलाही कुणी धर्मच म्हणायचं. प्रश्न इतकाच, तिला कुठल्याही दिवशी "वाटी आणा" म्हणता येत होतं का? माझ्या आजीला येत होतं. वाटी रोज भरून बाहेर ठेवलेली असायची. मी ठेवायचो.

आचार्य शांतिसागर महाराजांची समाधी १९५५ ची, कुंथलगिरीला. आजीच्या उशाशी त्यांचा फोटो होता.

रहिमतपूरकर

थोडक्यात आमचं. जीव अमानत आहे, मालकी अल्लाची. सूरह निसात २९ व्या आयतीत साफ आहे, स्वतःचा जीव घेऊ नका. तरी अब्बांच्या वेळी मौलानांनी आम्हाला दोन प्रश्न विचारले: डॉक्टर काय म्हणतात? एकच डॉक्टर म्हणतोय की तिघे? मग म्हणाले, इलाजानं इलाज होत नसेल तर मशीन थांबवणं म्हणजे मारणं नव्हे, सुई देणं म्हणजे मारणं. तुमच्या वकिलांच्या मंडळासारखंच झालं की.

निशापाळी

सुनंदाताई, मी वसईची, कॅथलिक, मुंबईत २२ वर्षं आयसीयूत नर्स. आईंच्या मनगटांचं वाचलं आणि फोन खाली ठेवला. मीही असे हात बांधलेत. नळी ओढली तर रक्त येतं, म्हणून बांधतो. पण सोळा दिवस बांधायचे का, हे विचारणं आमच्या कामात धरत नाहीत.

आमच्या चर्चचं बऱ्याच जणांना उलटं वाटतं. १९५७ च्या नोव्हेंबरात पोप बारावे पायस यांना भूलतज्ज्ञांनी हाच प्रश्न विचारला होता, व्हेंटिलेटर बंद करता येईल का. उत्तर होतं, माणूस साध्या उपायांना बांधील आहे, असाधारण उपायांना नाही. म्हणजे तुमच्या आप्पांचे एक आणि दोन नंबर मीसुद्धा लिहून देईन.

माझं भांडण तीन नंबरशी आहे. नाकातली नळी. २००४ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे म्हणाले की कायमच्या बेशुद्धीतल्या माणसालाही नळीतून दिलेलं अन्नपाणी हा इलाज नाही, ती साधी शुश्रूषा आहे. न्यायालयाचं मत वेगळं, मला माहीत आहे. अरुणा शानबागला केईएमच्या नर्सनी ४१ वर्षं सांभाळलं, भरवलं, अंगावर शय्याव्रण होऊ दिलं नाही. २०११ ला अन्न बंद करायची मागणी न्यायालयानं नाकारली तेव्हा त्यांनी मिठाई वाटली. बाहेरचे म्हणाले, हा अट्टहास. मी नर्स आहे, मला तो अट्टहास वाटत नाही. पण अरुणाला काय हवं होतं ते कुणालाच माहीत नव्हतं, हेही खरं. तुमच्या आप्पांचं तसं नाही.

आता धर्म बाजूला ठेवून सांगते, कारण हे महत्त्वाचं आहे. ८३ व्या वर्षी पक्षाघाताचा झटका आला तर पुष्कळांना काही दिवस गिळता येत नाही. तेवढ्यापुरती रायल्स ट्यूब घालतो. पंधरा दिवसांनी काढतो, माणूस चहात पाव बुडवून खातो. तुमचा तीन नंबर जसा लिहिलाय तसा पाळला, तर तो चहा पिणारा माणूस जाईल. उलट शेवटच्या दिवसांत शरीर अन्न घेतच नाही, नळीनं रेटलं तर ते फुप्फुसात जातं. तेव्हा आमचं चर्चही थांबा म्हणतं. म्हणून 'नळी नको' एवढंच नका लिहू. कधी नको, ते लिहा. आणि मनगटं बांधू नयेत, हे वेगळं लिहा. तोंड ओलं ठेवा, हेही. कापसानं. ते कुठल्याही मंडळाला विचारावं लागत नाही.

काळाकोट

निशापाळी सिस्टर, वीस वर्षं कागद बनवतोय, तीन नंबरचा हा घोळ माझ्या लक्षात आला नसता. मसुदा व्यक्तिनिरोपातून पाठवतो, ताई.

सुनंदा_माळकरी

उशीर झाला, माफ करा. एकेकाला वेगळं उत्तर देत नाही, काय झालं ते लिहिते.

धागा मी आप्पांना वाचून दाखवला, दादा पलीकडं पेपर धरून बसला होता. पान उलटत नव्हता. शिरोळच्या दादांची वाटी आली तेव्हा आप्पांनी परत वाचायला लावलं. अत्रींच्या श्लोकावर म्हणाले, "कड्यावर चढायला गुडघे पाहिजेत."

निशापाळीताईंचं वाचल्यावर दादा पहिल्यांदा बोलला. "बघा. मी हेच म्हणत होतो." तो हे म्हणत नव्हता, पण मी काही बोलले नाही. आप्पांनी वही मागितली आणि तीन नंबर खोडला. नवीन लिहायला त्यांना अर्धा तास लागला: 'गिळणे परत येईल असे डॉक्टर म्हणत असतील तर नळी घालावी, एक महिना बघावे. येणार नाही म्हणाले तर काढावी, पुन्हा घालू नये.' मग सहा नंबर आला, 'हात बांधू नयेत', आणि सात नंबर, कापसाचा.

नोटरीकडं परवा गेलो. ते म्हणाले, "मृत्युपत्र ना? जमिनीचा सातबारा आणलाय?" आप्पा म्हणाले, "जमिनीचं नाही, माझं आहे." त्यांनी मसुदा दोनदा वाचला, मग चष्मा काढून मला विचारलं, असा कागद खरंच चालतो का, कारण त्यांच्या आईचंही असंच चाललंय. काळाकोट यांच्या मसुद्याची एक प्रत तिथं ठेवून आले. साक्षीदार म्हणून आप्पांच्या डेपोतले दोन जुने ड्रायव्हर. नगरपालिकेत प्रत घ्यायला कुणी तयार नव्हतं, 'असा विभाग नाही' म्हणाले. टपालानं पाठवलीय, पोचपावती मागितलीय.

निर्णय घेणाऱ्या नातेवाइकाच्या जागी मी माझं नाव धरून चालले होते. आप्पांनी दादाचं पहिलं लिहायला लावलं, माझं दुसरं. दादा म्हणाला, "मी तर नको म्हणतोय." आप्पा म्हणाले, "म्हणूनच. तू घाई करणार नाहीस. आणि तू हो म्हणालास तर भावकीत कोण बोलणार आहे?"

दादानं कागद हातात घेतला, खाली ठेवला, परत घेतला. मग नोटरीच्या टेबलावरचं पेन उचलून त्यानं मला विचारलं, "एक महिना कुठनं मोजायचा? ॲडमिट केल्यापासून, का नळी घातल्यापासून?"

वकीलसाहेब, हे राहिलंच होतं. कुठनं मोजायचा?